हजार फुटांची पट्टी आणि पाच हजार फुटांचा प्लॉट

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहराच्या दक्षिण भागातलं एक साधं घर डोळ्यांसमोर आणा. घर कल्पनेतलं, पण मापं तिथलीच. प्लॉट 40 फूट रुंद आणि 125 फूट खोल, म्हणजे 5,000 चौरस फूट. आपल्या हिशेबात साडेचार गुंठ्यांहून थोडा मोठा. घराचा पाया 1,000 चौरस फुटांचा. मागच्या गल्लीकडे दोन गाड्यांचं गॅरेज, 20 बाय 22, म्हणजे 440. पायऱ्या, फरसबंद पायवाट आणि गॅरेजसमोरचा काँक्रीटचा तुकडा मिळून आणखी 200. एकूण 1,640 चौरस फुटांवर पाऊस पडला की तो मुरत नाही, वाहून जातो. प्लॉटच्या जवळजवळ 33 टक्के.

आता राज्याचा नियम बघा. मिनेसोटात तलावाच्या काठापासून 1,000 फुटांची पट्टी ‘तलावकाठ’ मानली जाते. या पट्टीत प्लॉटच्या 25 टक्क्यांहून जास्त जमीन पक्की करायची नाही. आपल्या घराला त्या हिशेबाने 1,250 चौरस फूट मिळतात, आणि नुसतं घर आणि गॅरेज धरलं तरी 1,440 होतात. एवढंच नाही. मलनिस्सारणाची सोय असलेल्या भागात, राज्याच्या सर्वांत सैल वर्गातल्या तलावालाही, पाण्याला लागून असलेला प्लॉट किमान 15,000 चौरस फुटांचा हवा आणि मागच्या ओळीतला 10,000 चा. आपला प्लॉट त्याच्या निम्माच. मालकाने काहीही चुकीचं केलेलं नाही, घर कदाचित शंभर वर्षांचं आहे, आणि तरीही राज्याच्या कोष्टकाशी ते पहिल्या ओळीपासून जुळत नाही. असं एक घर नाही, मोहल्लेच्या मोहल्ले आहेत.

पूर्ण भरलेल्या शहराने अशा नियमांचं काय करायचं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. मिनिआपोलिसचं उत्तर अर्धं मोठं दूरदृष्टीचं आहे आणि अर्धं फसलेलं. मला दोन्ही अर्ध्यांबद्दल लिहायचं आहे.

आधी हे कोष्टक आलं कुठून ते पाहू. मिनेसोटाला दहा हजार तलावांचं राज्य म्हणतात. दहा एकरांहून मोठे तलाव मोजले तर 11,842 भरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या आल्या, रस्ते झाले आणि उन्हाळी लाकडी घरांची तलावाकाठी रांग लागली. प्रत्येक घराला स्वतःची सेप्टिक टाकी, बऱ्याचदा पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. मैल्यातला फॉस्फरस जमिनीतून झिरपत पाण्यात जाई आणि उन्हाळ्यात तलावावर हिरवी साय धरे. 1969 मध्ये राज्याने कायदा केला. तो आधी काउंट्यांच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, ग्रामीण भागापुरता होता, 1973 मध्ये शहरांनाही लागू झाला. 1989 मध्ये मानकांची मोठी फेररचना झाली आणि मूळ सांगाडा तोच चालत आला.

या नियमांनी तलावांचे तीन मुख्य वर्ग केले: नैसर्गिक, करमणुकीचे आणि सर्वसाधारण विकासाचे. नैसर्गिक तलावाकाठी प्लॉट 40,000 चौरस फुटांचा, म्हणजे एका एकराला जेमतेम तीन-साडेतीन गुंठे कमी, आणि बांधकाम पाण्यापासून 150 फूट मागे. करमणुकीच्या तलावाला, मलनिस्सारणाची वाहिनी असेल तर, 20,000 चौरस फूट आणि 75 फूट. सर्वसाधारण वर्गात 15,000 आणि 50. शहरी भागातल्या घरांची उंची 25 फुटांपर्यंत. उभ्या कड्याच्या माथ्यापासून 30 फूट मागे.

हे अंतर मोजायचं कुठून? आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा असते, ती पुराच्या संभाव्यतेवरून ठरते. इथली रेषा वेगळी. पाणी एखाद्या पातळीला इतका काळ टिकलेलं असतं की तिथे काठावर खूण उरते. साधारण जिथे पाणवनस्पती संपून जमिनीवरची झाडं सुरू होतात, ती नेहमीची उच्च जलपातळी. सगळे फूट तिथून मोजायचे. मला ही रेषा आवडते. ती कागदावर नाही, काठावर उगवलेली आहे.

प्रत्येक आकड्यामागे एक कारण होतं. मोठा प्लॉट हवा, कारण सेप्टिक टाकीच्या शोषखड्ड्याला जागा लागते. अंतर हवं, कारण गवत-झुडपांच्या पट्ट्यातून पाणी गाळून जावं. 25 फुटांची उंची, कारण होडीतून पाहणाऱ्याला झाडांच्या शेंड्यांवर छप्पर दिसू नये. 25 टक्के पक्की जमीन, कारण उरलेल्या तीन चतुर्थांशात पाऊस मुरेल. एका सुट्या घराला, एका सुट्या तलावाला हे सगळं अगदी चपखल बसतं.

मिनिआपोलिस मात्र त्या कायद्याच्या कितीतरी आधी भरून गेलं होतं. 1950 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5,21,718 होती आणि 2020 मध्ये 4,29,954. म्हणजे तलावकाठचा कायदा आला तेव्हा शहराची वाढ संपून ओहोटी लागली होती. रिकामे प्लॉट जवळजवळ नव्हतेच. पण शहराकडे एक अशी गोष्ट होती जी राज्याच्या कोणत्याही कोष्टकातून मिळाली नसती: काठ लोकांचा होता.

1883 मध्ये इथे स्वतंत्र, मतदारांनी निवडून दिलेलं उद्यान मंडळ स्थापन झालं. होरेस क्लीव्हलंड या उद्यानरचनाकाराने त्याच वर्षी मंडळापुढे आराखडा ठेवला. सुट्या सुट्या बागा करू नका, पाण्याच्या कडेने जोडलेल्या हिरव्या रस्त्यांची साखळी करा आणि जमीन स्वस्त आहे तोवर घ्या, असा त्याचा आग्रह. चार्ल्स लोरिंग पहिला अध्यक्ष. 1906 ते 1935 थिओडोर वर्थ उद्यान अधीक्षक होता. त्याच्या काळात दलदली उपसल्या गेल्या, 1911 मध्ये लेक ऑफ द आइल्स आणि तेव्हाचा लेक कॅलहून कालव्याने जोडले गेले. या दुसऱ्या तलावाला 2018 मध्ये त्याचं मूळ डाकोटा नाव परत मिळालं: ब्दे माका स्का. आज ब्दे माका स्का, हॅरिएट, आइल्स, नोकोमिस यांच्याभोवती पाणी, मग गवत आणि पायवाट, मग वळणदार रस्ता आणि त्यापलीकडे घरं असा क्रम आहे. सीडर तलावाच्या काही भागात मात्र खासगी घरं पाण्यापर्यंत पोचतात.

वर्थच्या कामाचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, की उपसा म्हणजे आजच्या भाषेत पाणथळ जागेचा नाश. नोकोमिस खोल करताना निघालेला गाळ भोवतालच्या पाणथळीवर पसरून जमीन केली गेली. पाणी गाळणारी नैसर्गिक चाळणीच गेली. सत्तर-ऐंशी वर्षांनी त्याची भरपाई करावी लागली, त्याकडे पुढे येतो.

मुंबईच्या वाचकाला हा रस्ता ओळखीचा वाटेल. आपल्या सागरी किनारा नियमनात, 1991 च्या अधिसूचनेपासून, किनाऱ्यापर्यंत भरून गेलेल्या शहरी भागाचा वेगळा वर्ग आहे. तिथे नवं बांधकाम अस्तित्वातल्या रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूलाच करायचं. फुटांऐवजी रस्ता हीच मर्यादा. मिनिआपोलिसमध्ये असा नियम कोणी लिहिला नव्हता, पण उद्यान मंडळाच्या वळणदार रस्त्याने प्रत्यक्षात तेच काम केलं. राज्याने मागितलेले 50 फूट बहुतेक ठिकाणी आपोआप पाळले गेले, कारण त्या जागेवर कोणाची खासगी मालकीच नव्हती.

मग नियमावलीत उरलं काय? राज्याच्या नियमांत एक दार आहे. विशेष परिस्थिती असेल तर स्थानिक संस्था राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाच्या आयुक्तांची पूर्वसंमती घेऊन मानकांशी तंतोतंत न जुळणारे नियम करू शकते, मात्र कायद्याचा हेतू साधला गेला पाहिजे. भरलेल्या शहरांसाठी हे दार फार महत्त्वाचं आहे. मिनिआपोलिसने नेहमीच्या झोनिंगवर, म्हणजे कुठल्या विभागात काय आणि किती बांधायचं याच्या नियमांवर, तलावकाठाचा एक वरचा थर अंथरला. त्या थरात बराच काळ असं चाललं: पाण्यापासून 50 फूट, तीव्र उताराच्या माथ्यापासून 40 फुटांत बांधकाम नाही, आणि एक-दोन कुटुंबांची घरं वगळता इमारतींना अडीच मजले किंवा 35 फूट, यातलं जे कमी असेल ते. 25 च्या जागी 35. उताराच्या बाबतीत शहर राज्यापेक्षा कडक झालं आणि उंचीच्या बाबतीत सैल. माझ्या मते दोन्ही निर्णय शहाणपणाचे होते. शहरात होडीतून पाहणाऱ्याला छपरं दिसणारच, पण उतार सुटला तर माती थेट पाण्यात जाते, मग शहर असो की रान.

पक्क्या जमिनीच्या 25 टक्क्यांचं काय? शहराच्या सामान्य निवासी भागांतली मर्यादा 60 टक्क्यांच्या आसपास होती. 25 टक्के लावले असते तर प्रत्येक घरमालकाला ओसरी वाढवायलाही विशेष सवलत मागावी लागली असती. जो नियम सगळेच मोडून बसले आहेत त्याला नियम म्हणून किंमत राहत नाही, त्याची नुसती खिडकी होते, अर्ज करायची.

त्या खिडकीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2010 मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर जवळच्या मिनेटोंका शहराचं एक प्रकरण आलं. नियमात न बसणाऱ्या जुन्या गॅरेजवर मजला चढवायला शहराने सवलत दिली होती, शेजाऱ्याने हरकत घेतली. न्यायालयाने कायद्याचा शब्द जसाच्या तसा वाचला: मालमत्तेचा सवलतीशिवाय वाजवी वापर करताच येत नसेल, तरच सवलत. गॅरेज तर वापरात होतंच. एका निकालाने राज्यभरच्या शहरांचे हात बांधले गेले. 2011 मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून ‘व्यावहारिक अडचण’ ही सौम्य कसोटी आणली. भरलेल्या शहरासाठी यात एक धडा होता. ग्रामीण कोष्टक तसंच ठेवायचं आणि सवलतींवर कारभार हाकायचा, हा मार्ग एका न्यायालयीन वाक्याने बंद होऊ शकतो. मानक आधीच आपल्या जमिनीला बेतून घेणं जास्त भक्कम.

जुन्या बांधकामांना कायदा तसा उदार आहे. नियमाआधीचं घर दुरुस्त करता येतं, पुन्हा उभारता येतं, फक्त वाढवता येत नाही. निम्म्याहून अधिक मोल आगीत किंवा वादळात गेलं आणि 180 दिवसांत परवान्याचा अर्ज केला नाही, तर मात्र हा हक्क जातो. शिवाय दोन्ही बाजूंची घरं पुढे आलेली असतील तर मधल्या घराला त्यांच्या रेषेत यायची मुभा राज्याच्या नियमांतच आहे, अगदी काठालगतचा संवेदनशील पट्टा सोडून. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हे न्याय्य वाटतं. काठाच्या दृष्टीने बघितलं तर जुनी चूक पुढच्या पिढीची रेषा होऊन बसते.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते उंचीवरून. ब्दे माका स्काच्या उत्तरेला लेक स्ट्रीटच्या बाजूला जुन्या उंच इमारती आहेतच. त्यांच्या शेजारी नवी इमारत आली की 35 फुटांच्या पुढे जायला सशर्त परवानगी लागे, आणि सुनावणीला सभागृह भरे. एका बाजूला तलावाचं आभाळ वाचवू पाहणारे रहिवासी. दुसऱ्या बाजूला वाहतुकीच्या सोयीजवळ जास्त घरं हवीत म्हणणारे. 2018 मध्ये मंजूर झालेल्या ‘मिनिआपोलिस 2040’ आराखड्याने दुसऱ्या बाजूला बळ दिलं. एकाच कुटुंबाचं घर एवढीच मुभा असलेले विभाग त्याने संपवले. आराखडा पर्यावरणाच्या मुद्द्यावरच न्यायालयात अडकला, आणि 2024 मध्ये विधिमंडळाने कायदा करून वाट मोकळी केली.

या सुनावण्यांतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सशर्त परवानगी देताना शहराला तलावकाठासाठी आणखी काही प्रश्नांची उत्तरं लिहावी लागत. मातीची धूप आणि प्रदूषण होणार नाही ना? पाण्यावरून इमारत किती दिसेल? आणि तिसरा: या प्रकल्पामुळे येणाऱ्या होड्या या तलावाला सुरक्षितपणे पेलतील का? उन्हाळी घरांच्या तलावासाठी तो तिसरा प्रश्न अतिशय योग्य आहे. चाळीस नव्या घरांचे चाळीस धक्के, चाळीस मोटारबोटी. पण पाण्यापासून दोन-तीन चौक आत, मध्ये सार्वजनिक बाग असलेल्या इमारतीसाठीही कर्मचारी तेच लिहीत. चौथा प्रश्न यादीत नव्हता: तुमच्या छपरावरचं पाणी कोणत्या पाइपने, किती वेळात, कोणत्या तलावात जातं?

शहराला खरा प्रश्न हाच होता. रानात पाणी उतारावरून पसरत काठाशी येतं, म्हणून अंतराला अर्थ आहे. शहरात ते पन्हळीतून रस्त्यावर, रस्त्याकडेच्या जाळीतून पावसाळी गटारात आणि गटारातून थेट तलावात जातं. उद्यानाचं गवत, पायवाट, वर्थचा रस्ता, सगळ्याच्या खालून पाइप जातो. मैलभर दूरचं पार्किंग पाइपच्या हिशेबाने तलावाच्या दारात असतं, आणि काठापासून 300 फुटांवरचं घर, त्याचं पाणी दुसरीकडे वळवलेलं असेल, तर तलावाला परकं. 1,000 फुटांची रेषा त्यातलं काहीच ओळखत नाही.

पुरावा हवा असेल तर पाउडरहॉर्न बघा. छोटा तलाव, चहूबाजूंनी बाग, काठावर एकही खासगी घर नाही. अंतराचे नियम इथे शंभर टक्के पाळलेले. आणि तरीही वर्षानुवर्षं शेवाळ, तुरटी टाकण्याचे उपाय, आणि आता राज्याच्या यादीत क्षारांमुळे बिघडलेलं पाणी म्हणून नोंद. भोवतालच्या रस्त्यांचं सगळं पाणी त्यात येतं.

शहराने हे ओळखलं, पण झोनिंगच्या कचेरीत नाही. 1990 च्या दशकात उद्यान मंडळ, शहर, शेजारचं सेंट लुई पार्क आणि मिनेहाहा क्रीक पाणलोट मंडळ यांनी मिळून तलावसाखळीचं पाणी सुधारायचं काम हाती घेतलं. सीडरच्या बाजूला पाणथळ पुन्हा तयार केली. 1999 मध्ये ब्दे माका स्काच्या नैर्ऋत्येला गाळ बसवणारी तळी झाली, ज्यांत सेंट लुई पार्कमधलंही पाणी येऊन थांबतं. वर्थच्या काळात बुजवलेली चाळणी अशी थोडीफार परत आली. 1996 मध्ये सीडर आणि आइल्समध्ये, 2001 मध्ये ब्दे माका स्का आणि हॅरिएटमध्ये तुरटीचा द्राव सोडला. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तीच कल्पना, फक्त इथे ती तळाच्या गाळातला फॉस्फरस बांधून ठेवते. ब्दे माका स्काचं पाणी निवळलं. उथळ आइल्सने तितकी साथ दिली नाही.

2005 मध्ये शहराने पावसाच्या पाण्याचं वेगळं शुल्क सुरू केलं. 1,530 चौरस फूट पक्की जमीन म्हणजे एक एकक, जितकी एककं तितकं बिल. घर तलावापासून 300 फुटांवर असो की तीन मैलांवर, हिशेब एकच. पाणी स्वच्छ करून सोडलं तर 50 टक्क्यांपर्यंत सूट, मोठ्या पावसाचं पाणी आपल्याच आवारात धरून ठेवलं तर पूर्ण शुल्कापर्यंत. मला हे तलावकाठाच्या नियमाचं खरं शहरी भाषांतर वाटतं. 25 टक्क्यांचा हेतू पाऊस मुरवणं हा होता. तो हेतू उचलला आणि फुटपट्टी सोडून दिली. राज्यानेही एक चांगली गोष्ट केली: हिरवळीच्या खतातला फॉस्फरस 2004 मध्ये महानगर भागात आणि 2005 मध्ये राज्यभर बंद केला, अपवाद सोडून. त्यासाठी कोणाच्या प्लॉटचं माप घ्यावं लागलं नाही.

माझी तक्रार आहे ती जोडणीबद्दल. झोनिंगचा नकाशा एकीकडे, गटारांचा नकाशा दुसरीकडे. पावसाच्या पाण्याची बांधील योजना अनेक वर्षं फक्त 1 एकर किंवा त्याहून मोठ्या कामांना लागू होती. आपला 5,000 चौरस फुटांचा प्लॉट त्या उंबरठ्याच्या जवळही जात नाही. जुनं छोटं घर पाडून दुप्पट छपराचं घर उभं राहिलं तर तलावकाठाचा थर फक्त अंतर आणि उतार विचारणार, पाण्याचा नियम काहीच विचारणार नाही, आणि उरलं वार्षिक बिल, जे तसं घर बांधणाऱ्याला जाणवतही नाही. असं एक घर काही बिघडवत नाही. वीस वर्षांत एका मोहल्ल्यातली पन्नास घरं बिघडवतात. आयुक्तांच्या संमतीचं दार शहराने उंचीसाठी वापरलं. त्याच दारातून 1,000 फुटांच्या जागी ‘ज्या गटाराचं तोंड तलावात उघडतं त्याचं संपूर्ण पाणलोट’ अशी सीमा मागता आली असती, आणि त्या सीमेतल्या प्रत्येक नव्या छपराला, कितीही लहान असो, एक इंच पाऊस मुरवायची सोपी अट घालता आली असती. परसात एक खोलगट वाफा, त्यात गवताऐवजी खोल मुळांची स्थानिक झाडं. खर्च फार नाही.

मीठ मात्र यातल्या कोणत्याच उपायाला बधत नाही. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर, पार्किंगमध्ये, दुकानांच्या पायऱ्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेचा हिशेब साधा आहे: एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे साधारण 19 लिटर, पाणी कायमचं बिघडवतं. क्लोराइड गाळात बसत नाही, तुरटीने बांधलं जात नाही, मुळांना शोषता येत नाही. मुरवलं तर भूजलात जातं. सीडरच्या वरच्या बाजूला ब्राउनी नावाचा लहानसा खोल तलाव आहे. त्याच्या तळाशी खारट, जड पाण्याचा थर साचून राहिला आहे. बाकीच्या बहुतेक तलावांत वसंतात आणि शरदात वरचं-खालचं पाणी मिसळतं, प्राणवायू तळापर्यंत पोचतो. ब्राउनीत ते मिसळणं होत नाही. त्याच्या काठावर झाडी आहे. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की रस्त्यांवरचं पाणी पाइपने तिथे येतं, आणि खारट असल्यामुळे सरळ तळाशी जाऊन बसतं.